दोन पाईप कमी

मिस्त्रीनं मला दोन पाइपांनी फसवलं. पाईप बारा, माझे. बोअरात सोडले दहा. आणि मोजून घेतले माझ्याच तोंडून बारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्याच्याबद्दल लिहिताना दोन-चार बऱ्या गोष्टीही येतील आणि त्या वाचून कुणाचं मन विरघळायला नको. फसवलं ते फसवलं.

मला फसवणं सोपं नाही. वाटूरच्या बाजूच्या खेड्यातून जालन्याच्या मोंढ्यात आलो तेव्हा मी फाटक्या पोत्यांना ठिगळं लावायचो. आज जुन्या बारदान्याचा माझा स्वतःचा धंदा आहे. शंभर पोत्यांच्या गठ्ठ्यात उंदरानं कुरतडलेली किती, हे मी गठ्ठा न सोडता, नुसता हात फिरवून सांगतो. मोंढ्यातले व्यापारी मला लांबून येताना पाहिलं की भाव आधीच चढवून ठेवतात, म्हणजे मी खाली ओढल्यावर तो जागेवर येतो. अशा माणसाच्या अंगणात, दिवसाढवळ्या, त्याच्या डोळ्यांदेखत वीस-वीस फुटांचे दोन लोखंडी पाईप गायब झाले. सुई नव्हे, टाचणी नव्हे. चाळीस फूट लोखंड.

बदनापुरात स्टेशनच्या पलीकडं प्लॉट घेऊन मी घर बांधलं. आमच्या गल्लीत चौदा घरं आणि चौदा बोअर. नळाला पाणी येतं आठ दिवसांतून एकदा, तेही आल्यासारखं करून जातं. त्यामुळं स्वयंपाक, आंघोळ, भांडी, सगळं बोअरच्या मोटारीवर. मोटार घुरघुरली नाही की घरात बोलणं बंद होतं आणि ओरडणं सुरू होतं. अशा वेळी गल्लीत एकच उपाय होता, मिस्त्री. त्याचं नाव काय, आडनाव काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. आता पश्चात्ताप होतो. ज्याच्यावर दावा लावायचा त्याचं पूर्ण नाव तरी माहीत असावं.

मिस्त्री स्वतः फोन बाळगत नसे. घरच्या फोनवर त्याची बायको यायची आणि एकच वाक्य बोलायची, "ते बोअरात हायेत." बोअरवर नाही, बोअरात. साडेसहा इंचांचं भोक ते. पण त्याची अंगकाठी पाहिलेल्या कुणालाही ते खोटं वाटलं नसतं. माणूस म्हणजे एक उभा पान्हा होता, वर टोपी ठेवलेला. शर्टाला दोन खिसे. एकात फ्यूजची तार, दुसऱ्यात फुटाणे. कधीकधी अदलाबदल व्हायची आणि तो तार चावायचा. दोन मिनिटांनी काढून, पुसून, जागेवर ठेवायचा.

बोलावलेल्या दिवशी तो आला, असं मला आठवत नाही. न बोलावता मात्र हटकून यायचा. सायकल भिंतीला टेकवायचा, घरातल्या कुणालाही नमस्कार न करता आधी बोअरपाशी जायचा आणि तिथूनच हाक मारायचा, "ताई, स्टीलचा ग्लास द्या." आमच्या सौभाग्यवतीला पहिल्यांदा वाटलं, पाणी मागतो आहे. भरून दिला तर त्यानं तो झाडाला ओतला. मग ग्लासाचं तोंड पाइपाला लावलं, बुडाला कान लावला आणि डोळे मिटले. डॉक्टरसुद्धा पेशंटला इतका वेळ देत नाहीत. आमच्या गल्लीतले तर अजिबातच नाहीत.

माझी पहिली मोटार बंद पडली तेव्हा त्यानं कान काढला आणि मला विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार."

"आंघोळीला बादल्या?"

"मोटारीचं बोला, मिस्त्री."

"मोटारीचंच बोलून राह्यलो. बादल्या किती?"

मी काही बोलायच्या आत सौभाग्यवती दारातून म्हणाली, "हे दोन घेतात दादा. आम्ही एक-एक."

"शेठ दोन घेतात," तो स्वतःशीच म्हणाला, जणू मी रोज दोन बोकड खातो. "गाडी धुता?"

"मोटारसायकल आहे. फडक्यानं पुसतो."

"पाइपानं न्हाई ना?"

"मिस्त्री, मी इथं पोरगी दाखवायला बसलोय का?"

"तसंच समजा. खाली सोडायची म्हणल्यावर चौकशी करावीच लागती."

मग त्यानं मोटार का जळाली त्याचं निदान केलं. निदान नेहमी मालकाचं असायचं. "मोटार आपण होऊन न्हाई जळत. आधी मालक जळतो, मंग मोटार." आदल्या दिवशी पाणी चढेना म्हणून मी स्टार्टरचं बटण दहा-बारा वेळा दाबलं होतं आणि शेवटी पेटीवर बुक्की मारली होती. पेटीला पोचा पडला होता. त्यानं त्या पोच्यावरून बोट फिरवलं, माझ्या मुठीकडं पाहिलं आणि फुटाणा तोंडात टाकला. मला इतका राग आला की दुसरी बुक्की कुठं मारायची हे शोधावं लागलं.

त्याच्याशी भाव करता येत नसे, हे माझं मूळ दुखणं. काम सुरू होण्याआधी विचारलं तर म्हणायचा, "आत काय निघतंय ते कळू द्या." काम झाल्यावर टाकीत पाणी पडत असायचं, बायको खूश असायची, आणि मग तो तोंडात फुटाणे असताना आकडा सांगायचा. मी बोलायला लागलो की तो अजिबात वाद घालत नसे. सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, पान्हा उचलायचा आणि पाइपाला लावायचा. "बराबर हाय तुमचं. मंग परत काढू?" सौभाग्यवती आतून ओरडायची, "द्या हो त्यांना!" मोंढ्यात पाच-पाच तास टिकणारा मी, माझ्या अंगणात दोन मिनिटांत आडवा व्हायचो.

तर ती मोटार गेली आणि नवी घ्यायचं ठरलं. जुने पाईपही गंजले होते. मोटार आणि बारा पाईप मी जालन्याहून स्वतः आणले, एकेक पाईप ठोकून, वाजवून, आतून डोळा लावून. बोअर दोनशे सत्तर फूट. बारा पाइपांनी मोटार दोनशे चाळीसवर बसते, म्हणजे तळाचं पाणीही हाती लागतं. हे गणित दुकानदारानं नाही, मी केलं होतं. टेम्पो मिस्त्रीच्या दुकानी नेला, कारण पाइपांचे आटे नीट करून घ्यायचे होते. तिथून त्यानं बैलगाडीवर पाईप माझ्या घरी आणले. मी गाडीवर मोजले का? नाही मोजले. ढीग ओळखीचा वाटला. बारदान्यात मी असं कधी करत नाही.

पाईप सोडताना त्याचा एक नेम होता. मालकानं स्वतः बोअरजवळ उभं राहून मोठ्यानं मोजायचं. मिस्त्री किंवा त्याची माणसं मोजणार नाहीत. "मंग उद्या तुमचं म्हणणं नको का कमी सोडले." केवढा सच्चा माणूस, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी कॉलर नीट करून उभा राहिलो.

बोअरवर लोखंडी तिवई उभी केली, वर चेनकुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी. खाली मोटार, तिला पहिला पाईप. चेन खडखडत खाली. "एक," मी म्हणालो. पाइपाला क्लॅम्प, वर दुसरा पाईप, आट्यांना सुतळी आणि सफेदा, पान्ह्यानं पीळ, चेन खाली. "दोन." गल्लीतली दोन-तीन माणसं बघायला आली. मी आवाज चढवला. "सहा. सात."

आठवा पाईप चढवताना मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाला, "शेठ, ही केबल महाग पडली बरं का. फुटामागं चार रुपये वाढले. ते धरावे लागतील."

आता हे म्हणजे काय? केबलचं आदल्या दिवशी ठरलं होतं. मी विचारलं, कुठल्या दुकानात वाढले, कधी वाढले, कुणी सांगितलं. तो म्हणाला, दोन धरा मंग. मी म्हणालो, एकही नाही. तो म्हणाला, अहो तांबं वाढलं. मी त्याला जालन्यातला तांब्याचा भाव सांगितला. बघणाऱ्यांपैकी एकानं मला दुजोरा दिला. चेन खडखडत होती, पान्हा फिरत होता, सुतळी गुंडाळली जात होती आणि मी गुडघे टेकून मिस्त्रीच्या तोंडाशी बोट नेऊन बोलत होतो. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यापुढं कोण टिकंल. जुनाच भाव." मी जिंकलो. कपाळाचा घाम पुसला. त्याच्या माणसानं विचारलं, "शेठ, कितवा झाला?" पाईप सोडायचे संपले होते, अंगणात एकही शिल्लक नव्हता. मग दुसरं काय म्हणणार? मी छाती फुगवून म्हणालो, "बारा!"

मिस्त्रीनं मान डोलवली. "तुम्ही म्हणता तर बारा."

केबल मात्र बरीच उरली. त्यानं तिचं गोल वेटोळं केलं आणि बोअरशेजारच्या खिळ्यावर अडकवलं. "ऱ्हाऊ द्या जादा. कामाला येती." प्रामाणिकपणा बघा. केबल नेली नाही. चाळीस फूट केबलचं ते वेटोळं सहा वर्षं माझ्या भिंतीवर टांगलेलं होतं. सौभाग्यवती त्यावर फरशी पुसायची फडकी वाळत घालायची. मी रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहून दात घासायचो. सहा वर्षं पुरावा डोळ्यांसमोर होता आणि मी चूळ भरत होतो.

त्या सहा वर्षांत दर उन्हाळ्यात एकच तमाशा. हनुमान जयंती झाली की मोटार हवा ओकायला लागायची. वीस मिनिटं पाणी, मग नुसता फुसफुसाट. साऱ्या गल्लीत हीच कथा. मिस्त्री न बोलावता यायचा, ग्लास लावायचा आणि प्रत्येक घरी तेच सांगायचा. "हाय की पाणी. दम धरा. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. मधी हात लावायचा न्हाई." तीन-चार आठवडे सगळी गल्ली त्याच्या वीस मिनिटांवर जगायची. आंघोळ एका बादलीत, कपडे आठवड्यातून दोनदा, कूलर बंद. सौभाग्यवतीचा उजवा खांदा त्या दिवसांतच गेला, गुरुजींच्या हापशाहून कळश्या वाहून. गुरुजी म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक. रात्री खांद्याला तेल चोळताना ती म्हणायची, "मिस्त्रीदादा म्हणतात पाणी आहे, मग येत का नाही?" मी म्हणायचो, "बोअरच तसा आहे." बोअर तसा नव्हता. त्याच्यात खाली चाळीस फूट पाणी बसून होतं आणि आम्हाला हसत होतं.

मग मिस्त्रीचे गुडघे गेले. दुकान बंद करून तो वडीगोद्रीला मुलीकडं राहायला गेला. पुढच्याच उन्हाळ्यात माझी बहीण आणि तिची मंडळी आली. घरात अकरा माणसं. मी म्हणालो, वीस मिनिटं गेली खड्ड्यात, आणि मोटार दोन तास चालू ठेवली. ती जळाली. बरोबर, आधी मी जळालो होतो.

नवा मिस्त्री जालन्याहून आला. गाडीवर क्रेन, हातात टॅब, अंगात कंपनीचा टी-शर्ट. त्यानं बोअरकडं बघायच्या आधी भिंतीवरचं वेटोळं पाहिलं. "काका, एवढी केबल का बाहेर टांगली?" मी म्हणालो, जादा आहे. तो हसला. क्रेननं पाईप वर यायला लागले आणि या वेळी मी मोजले, बोटं मुडपून. दहावा आला आणि त्याच्या खाली मोटार लोंबत होती.

"परत मोज," मी म्हणालो.

"काका, दहाच हायेत. आडवे पडलेत की समोर."

मी सगळे पाईप पायानं ढकलून पुन्हा मोजले. मग सौभाग्यवतीला बोलावलं. तिनं मोजले आणि खांदा धरून पायरीवर बसली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी दोन नवे पाईप घेतले, नवी मोटार घेतली आणि बारा सोडले. काय सांगू! भर उन्हाळ्यात टाकी ओसंडून वाहिली. मी अंगण धुतलं. भिंत धुतली. मोटारसायकल धुतली, पाइपानं. दोन बादल्यांची आंघोळ तीन बादल्यांची केली. आणि सगळ्या गल्लीत जाऊन सांगितलं की बाबांनो, तुमचे पाईप मोजा. पंधरा दिवसांत नव्या मिस्त्रीची क्रेन चौदाही घरी फिरली. गुरुजींचे दोन कमी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे तीन कमी. एकही घर पूर्ण नव्हतं. आणि प्रत्येकाच्या भिंतीवर एक-एक वेटोळं होतं. डॉक्टरांच्या बायकोनं त्यात मनीप्लांट लावला होता.

गुरुजींच्या ओट्यावर बैठक झाली आणि वडीगोद्रीला जायला माझी निवड झाली. भांडायला माझ्याइतका लायक कुणी नाही, याबाबत गल्लीत पहिल्यांदाच एकमत झालं. अंबडच्या पुढं गाडी हाणताना मी काय-काय बोलायचं ते सगळं म्हणून पाहिलं. एक-दोन वाक्यं मला स्वतःलाच आवडली.

मुलीचं घर हमरस्त्याच्या दुकानांच्या मागं होतं. पुढं कारल्याचा मोठा मांडव, आणि मांडवाखाली बाजेवर मिस्त्री. मी मान वर केली. मांडवाच्या सगळ्या आडव्या दांड्या लोखंडी पाइपांच्या होत्या. वीस फुटी. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेलं. वेलांतून मी वाचत गेलो. "गुलाब", हे गुरुजी, त्यांना कुंड्यांचा नाद. "गाडीधुव्या", डॉक्टर, त्यांचे तीन. आणि बाजेच्या बरोबर वर, शेजारी-शेजारी दोन पाईप, दोन्हींवर ठळक अक्षरात, "घासाघीस". मला कुणाला विचारावं लागलं नाही. माझ्यावर कारली लागली होती, हातभर लांब.

"मिस्त्री," मी ओरडलो, "माझे दोन पाईप!"

"ते काय. डोक्यावर हायेत तुमच्या."

त्याची मुलगी बाहेर आली. "काका, चहा घ्या आधी. भांडण कुठं जात न्हाई."

"तुम्ही बारा सांगून दहा का सोडले?" मी विचारलं.

"बारा तुम्ही म्हणले शेठ. म्या एकदाबी न्हाई म्हणलो."

"आठव्या पाइपाला तुम्ही मुद्दाम केबलचा भाव काढला."

"काढला." फुटाणा तोंडात. "गुरुजीला पोराच्या नोकरीचं इचारलं. डाक्टरला म्हणलं, तुमच्या गाडीला कुणीतरी घासून गेलं बघा. तुम्हाला भाव. तुमचं लई सोपं पडलं."

येताना तयार केलेली सगळी वाक्यं मी विसरलो. "पण का?" एवढंच निघालं.

"खाली झरा एकच हाय. भोकं चौदा." तो बाजेवर सरकला आणि मला बसायला जागा केली. मी बसलो नाही. "सगळ्याला सगळं सोडलं तर कुणालाच काही ऱ्हात न्हाई. म्हणून मोटारी वर टांगल्या. रोज येऊन ऐकत व्हतो का न्हाई? खाली पाणी व्हतं का न्हाई?"

"सांगायचं होतं की."

"ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? "पण विचारायचं होतं. पाणी माझ्या बोअरातलं. खांदा माझ्या बायकोचा गेला."

तो पहिल्यांदा फुटाणा चघळायचा थांबला. "ताईचा खांदा?" त्यानं मुलीकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "ते न्हाई ठाऊक मला." आणि विचारलं, "आता तुम्ही बारा सोडले ना? सगळ्यांनी सोडले?"

"सगळ्यांनी."

"मंग बघा आता."

पाईप घेऊन जा, म्हणाला. वेल भरात होता, काढले असते तर सगळा मांडव खाली आला असता. मुलगी दोन किलो कारली देत होती, मी तीन घेतली आणि पाईप वेल वाळल्यावर न्यायचे ठरवून निघालो. चाळीस फूट लोखंडावर कारलं चढलंय, हे गल्लीत सांगितलं तेव्हा डॉक्टर खदाखदा हसले. त्यांना त्यांच्या पाइपावर काय लिहिलंय ते सांगितल्यावर थांबले.

हे गेल्या उन्हाळ्यातलं. त्यानंतर पाऊस चांगला झाला. पावसाला दोष देता येणार नाही. दिवाळीपर्यंत गल्लीत कुणाला चिंता नव्हती. डॉक्टरांनी दुसरी गाडी घेतली. गुरुजींनी गच्चीवर गुलाब नेले. मी तीन बादल्या सोडल्या नाहीत. आणि यंदा, शिमग्याच्या आधी, चौदाही मोटारी एकाच आठवड्यात हवा ओकायला लागल्या. वीस मिनिटं नाही, दोन मिनिटंही नाही. माझी दोनशे चाळीस फुटांवर गाळ ओढते आहे. सकाळी थांबा, संध्याकाळी थांबा, काही नाही. गुरुजींचा हापसाही कोरडा. आता कळश्याही वाहायला जागा नाही, म्हणजे खांद्याला आराम आहे एवढंच.

नवा मिस्त्री म्हणतो, चारशे फुटांचा नवा बोअर मारा. दोन घरांनी बोअरचं मशीन सांगितलंय. त्यांनी मारला की बाकीच्यांना मारावाच लागणार, मग पाचशे. गुरुजींच्या ओट्यावर परत बैठक झाली. गुरुजी म्हणाले, मशीन नको, पाऊस पडला की सगळ्यांनी दोन-दोन पाईप वर घेऊ, पुन्हा पहिल्यासारखं. सगळ्यांना पटलं. मग डॉक्टर म्हणाले, "आधी कोण घेणार?" एकानं विचारलं, घेतले म्हणून सांगितलं आणि घेतलेच नाहीत तर कोण बघणार? बोअरात वाकून कुणाला दिसतंय? मीही म्हणालो, आधी गुरुजींनी घ्यावेत, मग मी. गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलंय, त्यांना असं बघता येतं.

काल मी वडीगोद्रीला फोन लावला. मिस्त्रीच्या बायकोनं उचलला. "ते मांडवात हायेत," ती म्हणाली. मी म्हणालो, बोलवा. तिनं हाक मारली, मला ऐकू आली. तो आला नाही.

म्हणून हे लिहितो. हा माणूस सहा वर्षं चौदा घरांच्या पाण्याचा मालक होऊन बसला, कुणाला न विचारता, आणि ज्या दिवशी ते उघडं पडलं त्या दिवशी "बघा आता" म्हणून मोकळा झाला. त्याचं बरोबर होतं, हे मी मान्य करतो. म्हणूनच तो जास्त गुन्हेगार आहे. ज्याचं चुकलंय त्यानं गप्प बसलेलं चालतं. ज्याला एवढं सगळं ठाऊक होतं, त्यानं सहा वर्षांत एका घराला, एका माणसाला ते समजावून सांगितलं असतं, तर आज ओट्यावर बोलायला कुणीतरी असतं. त्यानं आम्हाला शिकवलं नाही, नुसतं आमचं लक्ष दुसरीकडं वळवलं. आणि आमचंही लक्ष कसं, एका फुटाण्याच्या किमतीत वळलं.

तर मिस्त्री, तुम्हाला यावं लागेल. गुडघ्यांचं कारण चालणार नाही, मी गाडी पाठवतो, भाडं माझं आणि त्यात घासाघीस करणार नाही. चौदाही घरांसमोर, गुरुजींच्या ओट्यावर उभं राहून जबाब द्या. जे चोरून केलंत ते आता सांगून करून दाखवा. प्रत्येकाच्या बोअरवर तिवई लावा आणि सगळ्यांच्या देखत दोन-दोन पाईप वर काढा. सुरुवात माझ्यापासून करा. मीच मोजतो, मोठ्यानं.

फक्त मध्ये कुणी भाव काढायचा नाही.